द्वारपालाचा कारभार

सोमवार, १६ जून

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असलेली बरी.

सकाळी मीटिंग. पुण्याची एक मोठी एक्स्पोर्ट कंपनी तिच्या सगळ्या बेदाणा कोल्ड स्टोरेजना आमचं सॉफ्टवेअर घेणार. पण त्याआधी २५ जुलैला त्यांची माणसं सांगलीला येऊन तपासणार, की आमचा कोड कोणाकोणाला उघडता येतो. सोडून गेलेल्या माणसांचे अ‍ॅक्सेस आम्ही कधी काढलेलेच नाहीत. मालक शांतिनाथ सर म्हणाले, हे काम मिळालं तर दिवाळीनंतर माणसं वाढवू. नाही मिळालं तर आहेत त्यातली दोघं कमी करावी लागतील. हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. सगळा भरवसा माझ्यावर आहे हे उघड आहे.

प्रांजल म्हणाली, एक दुपार द्या, एकेक रेपो उघडून बघते आणि गेलेल्यांना काढून टाकते. मुलगी आटपाडीची, कष्टाळू आहे, पण दृष्टी नाही. मी तिला थांबवलं. डोळे फोडून नावं बघणं हे कारकुनी काम. आज काढाल, उद्या परत कोणीतरी राहील. हे मशीनने रोज सकाळी करायला हवं. म्हणालो, मी स्क्रिप्ट लिहितो. बुधवारपर्यंत देतो.

सर म्हणाले, "बघा बुवा." याला मी होकार समजतो.

घरी चंदनाने विचारलं, रेपो म्हणजे काय. कोडचं गोडाऊन, म्हणालो. प्रत्येकाकडे एक किल्ली. मी असा पहारेकरी बनवतोय जो रोज किल्ल्या तपासेल. ती म्हणाली, मग एकदा जाऊन किल्ल्या मागून आणा की. बायकोला ऑटोमेशन समजावणं अवघड. हे काम झालं की महाबळेश्वरला नेतो असं कबूल केलं. लग्न झाल्यापासून नेलं नाही, असा तिचा मुद्दा. मुद्दा बरोबर आहे, फक्त वेळ चुकीची.

बुधवार, १८ जून

स्क्रिप्ट तयार नाही. नाव तयार आहे. द्वारपाल. लोगोही केला, हातात भाला घेतलेला. भाला सारखा वाकडा येत होता, त्यात दुपार गेली.

सरांनी विचारलं कुठवर आलंय. पाया घालतोय म्हणालो. पाया दिसत नाही, म्हणाले. पाया दिसतच नसतो.

सोमवार, २३ जून

पहिल्यांदा चालवली. उत्तर आलं, परमिशन डिनाइड. परवानग्या तपासणाऱ्या स्क्रिप्टलाच परवानगी नाही. दिवसभर डोकं फोडलं. शेवटी कळलं, कंपनीच्या मुख्य खात्यावरून तिच्यासाठी टोकन काढावं लागतं. टोकन म्हणजे मास्टर किल्ली.

मुख्य खातं रविराजने उघडलं होतं. रविराज आमचा सगळ्यात जुना डेव्हलपर. दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून पाचगणीकडे सासऱ्याची स्ट्रॉबेरी बघायला गेला. हुशार होता, पण महत्त्वाकांक्षा नव्हती. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते खातं अजून लॉगिन होतं. टोकन काढून घेतलं. कोणाला विचारायची गरज पडली नाही. याला म्हणतात इनिशिएटिव्ह.

मंगळवार, २४ जून

सकाळी रविराजचा फोन. उचलला नाही. स्ट्रॉबेरीत काही राम नाही हे कळलेलं दिसतं. परत घ्या म्हणून माझ्याकडून शब्द टाकून हवा असणार. मी आता अशा जागेवर आहे की ओळखीपाळखीने कामं करणं शोभणार नाही.

गुरुवार, २६ जून

स्क्रिप्ट चालली. यादी आली. मात्र एकाही माणसाने स्वतःच्या नावाने खातं काढलेलं नाही. पीजे९९. कृष्णाकाठ. डेव्हिल बॉय मिरज. आणि एक दादा००७, त्याला तर सगळ्या रेपोंचे पूर्ण अधिकार.

हा दादा बाहेरचाच, याबद्दल मला शंका नव्हती. ग्रुपवर टाकलं, कंपनीच्या काळजात शिरलेला हा भुरटा कोण, त्याने चोवीस तासांत समोर यावं. दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मुलीने, ब्राह्मीने, त्यांना ते खातं काढून दिलं होतं.

दारही लावून घेतलं होतं त्यांनी. मी स्क्रिप्टची अचूकता त्यांच्या लक्षात आणून दिली.

बुधवार, २ जुलै

द्वारपाल आता रोज सकाळी सातला आपोआप चालतो आणि अहवालाची मेल पाठवतो. आज एक मेल पाठवायची होती. पाठवतच राहिला. एक कंस चुकीच्या ओळीवर होता. सर त्या वेळी जैन बस्तीत दर्शनाला उभे होते आणि खिशातला मोबाइल थांबेना. मुनिमहाराजांनी मान वर करून बघितलं म्हणे.

ऑफिसात त्यांनी एवढंच विचारलं, की हाताने किती वेळ लागला असता. प्रांजल म्हणाली, एक दुपार. तिला कोणी विचारलं नव्हतं.

रविराजचा परत फोन. या माणसाला वेळकाळ नाही.

सोमवार, ७ जुलै

वैताग. अहवाल येतो, पण तो वाचत कोणीच नाही. मीही वरवरच बघतो, कारण लांब आहे. म्हणजे प्रश्न अहवालाचा नाही, माणसांचा आहे. मग माणसाला मध्ये ठेवायचाच कशाला? द्वारपालाने नुसतं सांगायचं नाही, काढूनच टाकायचं. नियम साधा. ज्याने तीन महिन्यांत कोडला हात लावला नाही, तो बाहेरचा.

प्रांजल म्हणाली, काही दिवस नुसतं सांगू दे, काढायला नको लावूस. घाबरट माणसांनी जगात काही बदललेलं नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बदलायचं नाहीये, पंचवीस तारखेला दाखवायचंय.

गुरुवार, १० जुलै

विजय. द्वारपालाने सकाळी सोडून गेलेल्या सगळ्यांना एका झटक्यात बाहेर काढलं. डेव्हिल बॉय गेला. कृष्णाकाठ गेला. मी उभ्या उभ्या चहा प्यायलो.

सायंकाळी. सरही गेले. त्यांनी कधीच कोडला हात लावलेला नसतो. तासगावच्या एका स्टोरेजवाल्याला ऑनलाइन काही दाखवायला बसले आणि पडद्यावर आलं, तुम्हाला इथे प्रवेश नाही. तासगावकर म्हणाला म्हणे, तुमचीच कंपनी ना, शांतिनाथशेठ?

मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. हे बोलायला नको होतं असं आता वाटतं. म्हणजे बरोबरच होतं, पण ऐकणारा तयार नव्हता.

सोमवार, १४ जुलै

उपाय सापडला. इतका सोपा, की कोणाला सुचला नाही. कंपनीत कोण आहे हे कोडवरून कशाला ठरवायचं? दारात अंगठ्याचं हजेरी मशीन आहे. सगळेच रोज अंगठा लावतात, सरसुद्धा. द्वारपालाला ते मशीन जोडलं. ज्याचा अंगठा तीन दिवस दिसला नाही, तो कंपनीत नाही. फक्त मुख्य खातं वगळलं, कारण ते कोणा माणसाचं नाही, कंपनीचं आहे.

प्रांजलने विचारलं, माणूस रजेवर गेला तर? रजेवर असताना कोडला हात लावायचाच कशाला. ती आपल्या कामाला लागली.

चंदनाला सांगितलं, आता झालंच. तिने बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

शुक्रवार, १८ जुलै

ओल फार. कपडे वाळत नाहीत, कागद मऊ पडलेत. दारातलं अंगठ्याचं मशीनही कालपासून बंद पडलंय. दुरुस्तीवाला सोमवारी येतो म्हणाला. किरकोळ गोष्ट.

रविराजचे आणखी दोन मिस्ड कॉल. चिकाटी आहे, ती नोकरीत असताना दाखवायची.

सोमवार, २१ जुलै

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

मशीन बंद म्हणजे तीन दिवस कोणाचाच अंगठा नाही. म्हणजे द्वारपालाच्या हिशेबाने कंपनीत माणूसच नाही. त्याने आज सकाळी सगळ्यांना काढलं. प्रांजलला काढलं, सरांना पुन्हा काढलं, मला काढलं. ज्याने त्याला जन्म दिला त्यालाही.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून मुख्य खात्यात शिरून सगळ्यांना परत घेता आलं असतं. पण द्वारपाल आणखी काही करेल या विचाराने मी (घाबरून नव्हे) त्याचं टोकन रद्द केलं आणि 'सगळीकडून लॉग आउट' दाबलं. तो थांबला. आम्हीही. आता मुख्य खात्यात शिरायचं तर आधी मोबाइलवर येणारा कोड लागतो, असं म्हणतंय. कुठल्या मोबाइलवर? नंबरचे शेवटचे आकडे फक्त दिसतात. प्रांजल म्हणाली, हे कोणाचे?

मला बघावं लागलं नाही. पण बघितलं. माझ्या मिस्ड कॉलमध्ये तोच नंबर रांगेने होता.

फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. सगळे लावत बसले. वर महाबळेश्वर-पाचगणीकडे पाऊस झोडपतोय, टॉवर बंद असणार. शुक्रवारी पुण्याची माणसं येणार आणि आमचा कोड आम्हालाच उघडत नाही.

सर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "सम्मेद, उद्या उजाडायला निघा. त्याला घरी जाऊन गाठा. रिकाम्या हातानं येऊ नका."

घरी सांगितलं. चंदना म्हणाली, पाचगणीला ना? मग मीही येते. असंच कधीतरी जायचं होतं, आता असंच जाऊ. बॅग भरलेलीच होती.

मंगळवार, २२ जुलै. सायंकाळ, रविराजच्या घरी

कराड गेलं, सातारा गेलं. वाईला चहा. पसरणीच्या घाटात धुकं असं, की पुढची गाडी दिसत नव्हती, नुसता तिचा लाल दिवा. चंदना काच खाली करून बाहेर हात काढून बसली होती. मी म्हणालो, भिजशील. ती म्हणाली, त्यासाठीच आलेय.

गाव पाचगणीच्या पुढे, रस्ता सोडून खाली. विचारत विचारत पोहोचलो. स्ट्रॉबेरीच्या रोपांची नर्सरी, पर्यटकांसाठी दोन खोल्या, पावसात दोन्ही रिकाम्या. रविराज डोक्यावर घोंगडं घेऊन वाफ्यातलं पाणी काढत होता. मला वाटलं होतं, तो खजील होईल. त्याने हात पुसले आणि मिठीच मारली. "लय दिसांनी, गड्या."

ओसरीवर बसलो. मी विषय वळणाने काढणार होतो. मोठं तांत्रिक संकट, वगैरे. त्याने मध्येच थांबवलं.

"सम्मेद, तुजी ती स्क्रिप्ट रोज सकाळी मला मेल धाडती. तीन आठवडं झालं. कोण आलं, कोण गेलं, समदं कळतंय मला. तू टोकन काढलंस, तवाच मला मेसेज आला. दुसऱ्या दिशी फोन केला, की खात्याला अजून माजाच नंबर हाय, बदलून घ्या. तू उचललाच न्हाईस."

मी म्हणालो, गडबडीत होतो.

तो म्हणाला, "म्हटलं, राग हाय का काय माज्यावर."

मी त्याच्याबद्दल काय समजत होतो, ते सांगणं शक्य नव्हतं. पावसाचा आवाज मोठा होता, ते बरं झालं.

घरात नेटवर्क नाही. वरच्या पठारावर, एका देवळापाशी कधीमधी येतं. चंदना रविराजच्या आईजवळ, रंगुबाईंजवळ, चुलीपाशी थांबली. आम्ही दोघं चढलो. माझे ऑफिसचे बूट. दोनदा घसरून बसलो. रविराजने एकदा हात दिला, एकदा नुसता हसला.

देवळाच्या पायरीवर लॅपटॉप उघडला. रविराजने स्वतःचं घोंगडं काढून माझ्यावर आणि लॅपटॉपवर धरलं आणि आपण पावसात उभा राहिला, मोबाइल वर धरून. कोड मागवला. नेटवर्क गेलं. परत मागवला. आला, पण मी टाकेपर्यंत मुदत संपली, बोटं गारठली होती. पुन्हा. या वेळी चुकीचा टाकला. लॅपटॉप म्हणाला, थोड्या वेळाने प्रयत्न करा. आम्ही वाट बघत बसलो. मी द्वारपालाच्या रचनेबद्दल सांगू लागलो. तो ऐकत होता. नाकावरून पाणी ओघळत होतं, तरी ऐकत होता. शेवटी म्हणाला, स्क्रिप्ट झकास हाय रं, फक्त तिला शेवटचा शब्द द्यायचा न्हवता. ह्यो शब्द माणसाकडं ठिवायचा.

मी म्हणालो, विचार करतो.

पुढच्या खेपेला तो एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेला आणि मी दाबत गेलो. खातं उघडलं. तो म्हणाला, पयला माजा नंबर काढ. काढला. खात्याने विचारलं, नवा नंबर कोणाचा? मी माझा टाकायला लागलो. तेवढ्यात मोबाइल वाजला, सर. नेटवर्क यायला नेमकी हीच वेळ. उघडलं का विचारलं. उघडलं म्हणालो. नंबर प्रांजलचा टाका, म्हणाले. आवाज तुटत होता, म्हणून मी पुन्हा विचारलं. प्रांजलचा, असंच होतं.

टाकला. तिला पूर्ण अधिकार दिले. मग नेटवर्क गेलं.

खाली आलो तर दिवस मावळायच्या आत ताटं तयार. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. चातुर्मास हाय, जैन मान्सं, ह्येंचं असलं चालत न्हाई, हे रविराजने जाण्याआधीच आईला सांगून ठेवलं होतं. दोन वर्षं झाली त्याला कंपनी सोडून. तो हे कधीपासून लक्षात ठेवून होता? नाचणीची भाकरी, वाटाण्याची आमटी. मी जास्त जेवलो.

बुधवार, २३ जुलै

परतीच्या वाटेवर चंदनाला म्हणालो, महाबळेश्वर राहिलंच, पुढे थोडं तर होतं. ती म्हणाली, धुकंच बघायचं होतं ना, बघितलं. शिवाय रंगुबाई छान होत्या. मेंढरं घेऊन पायी कोकणापर्यंत जायच्या म्हणे, तेव्हाचं सांगत होत्या. इतकी वर्षं एकत्र काम करून रविराजची आई काय करायची हे मला माहीत नव्हतं. चंदनाला एका चुलीवर कळलं.

ऑफिसात पोहोचलो तेव्हा सगळं सुरळीत. प्रांजलने कालच एकेक रेपो उघडून माणसं आत घेतली होती, नको ती राहिलेली काढली होती. किती वेळ लागला, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. हे तिचं चांगलं आहे.

शुक्रवार, २५ जुलै

पुण्याची माणसं आली. मी द्वारपालावर सादरीकरण तयार ठेवलं होतं, लोगोसकट. त्यांनी विचारलं, तपासणी कोण करतं? प्रांजल म्हणाली, मी, दर महिन्याला, हाताने. त्यांनी दोन-चार रेपो उघडायला लावले, नावं विचारली, तिने सगळ्यांची सांगितली. आवडलं त्यांना. मी म्हणालो, आमच्याकडे याचं संपूर्ण ऑटोमेशनही आहे. सरांनी लगेच त्यांना भडंग घ्यायला सांगितलं. तोंड भरलेलं असताना माणूस प्रश्न विचारत नाही.

काम मिळालं. कोणालाही कमी करणार नाहीत. सर सगळ्यांसमोर म्हणाले, आवं, सम्मेदसुद्धा न्हाई. लोक हसले. मीही हसलो. जरा उशिरा.

सोमवार, ४ ऑगस्ट

प्रांजल टेक लीड झाली, म्हणजे आम्हा सगळ्या डेव्हलपरांची प्रमुख. पेढे वाटले. मी दोन घेतले, मनात काही नाही हे दिसावं म्हणून.

नव्या पद्धतीप्रमाणे ज्याला जेवढं लागतं तेवढाच अ‍ॅक्सेस. मला रीड. म्हणजे कोड वाचता येतो, बदलता येत नाही. काही दिवसांपुरतं, असं प्रांजल म्हणाली. किती, ते नाही म्हणाली. मी वाद घातला नाही. वरच्या पातळीवरच्या माणसाने आधी वाचावंच. बदल काय, कोणीही करतं.

दुपारी द्वारपालाचा कोड उघडला. कोणीतरी कधीतरी त्यातून शिकेल म्हणून नीट वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून, शांतपणे. कोणी हाक मारत नव्हतं.

समजला नाही.